फॅकल्टी लागेल

प्रिडलकोम्ब गावात फॅकल्टी हा शब्द टॅपस्कॉटसाहेबांइतका कुणीच वापरला नसेल. कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या घोळक्याशी याचा काही संबंध नाही. ही फॅकल्टी चर्चची. चर्चच्या इमारतीत किंवा भोवतीच्या कबरस्तानात बाक हलवायचा, दगड बसवायचा, झाड तोडायचं म्हटलं की धर्मप्रांताच्या न्यायाधीशाची लेखी परवानगी काढावी लागते. त्या परवानगीचं नाव फॅकल्टी. हा झाला शब्दाचा अर्थ. उपयोग निराळा. समोरच्या माणसाने काहीही मागितलं की मान किंचित तिरपी करायची, आवाजात सहानुभूती आणायची आणि म्हणायचं, "त्याला फॅकल्टी लागेल." समोरचा माणूस गप्प होतो आणि घरी जातो.

लायनेल टॅपस्कॉट हे निवृत्त वजनमापं निरीक्षक. इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यातल्या निम्म्या वाण्या-खाटकांना त्यांनी एकदा तरी घाम फोडलेला. निवृत्तीनंतर ते चर्चमंडळाचे सचिव झाले. हे पद कुणालाच नको असतं, म्हणून ज्याच्या गळ्यात पडतं त्याच्या गळ्यात ते मरेपर्यंत राहतं. साहेबांनी मात्र ते मिरवलं. मिसेस डॉबलला नवऱ्याच्या दगडावर सोनेरी अक्षरं हवी होती: फॅकल्टी लागेल. विनी पोकॉकला फुलांसाठी पाण्याचा नळ फाटकाजवळ हवा होता: फॅकल्टी लागेल. शेजारच्या ऑब्री स्टकीला भावाच्या दगडावर बैल कोरायचा होता, कारण भावाने जन्मभर बैलच पाळले: फॅकल्टी लागेल, आणि ती मिळेल असं मला वाटत नाही. इतकी वर्षं हा शब्द वापरूनही साहेबांनी स्वतः एकही फॅकल्टी कधी काढलेली नव्हती. तिथपर्यंत कुणी वेळ येऊच दिली नव्हती.

ऑक्टोबरात साहेबांची बायको म्युरिएल गेली. दुखणं लांबलं नाही, एवढंच त्यातलं बरं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तिने साहेबांचा हात धरला आणि म्हणाली, "लायनेल, घाई करू नकोस. पण येशील तेव्हा माझ्या शेजारीच ये. आणि अख्खा ये. राख होऊन बरणीतून नको."

ती चेष्टा करत होती की नाही हे साहेबांना कळलं नाही. संसारात बऱ्याचदा त्यांना ते कळलेलं नव्हतं. "येईन," ते म्हणाले. तिने हात सोडला नाही, म्हणून ते पुन्हा म्हणाले, "अख्खा येईन."

बाकी गावांत नवराबायकोला एकाच खड्ड्यात, एकावर एक पुरायची रीत आहे. प्रिडलकोम्बचं चर्च खडकावर बसलंय. खोदणाऱ्याची पहार एका माणसापुरतं खोदून झालं की खडकावर वाजते, आणि तिथे काम संपतं. त्यामुळे इथल्या जोडप्यांनी शेजारी शेजारी निजायचं. म्युरिएलच्या डाव्या हाताला पायवाट होती. उजवीकडे गवताचा एक पट्टा होता, बरोबर एका माणसाचा. अंत्यविधीत सगळे डोळे पुसत असताना साहेबांनी तो नजरेने मापून घेतला. हयातभर मापं घेतलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. तो पट्टा आपला, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. तो बघितला की त्यांना बरं वाटायचं, आणि त्या महिन्यात बरं वाटण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

विनी पोकॉक चर्चमधल्या फुलांची कारभारीण. दोन कुत्री, गुडघ्यापर्यंत बूट, आणि भर थंडीत तळ्यात पोहण्याची खोड. गावातल्या प्रत्येक घरातलं दुखणं आणि त्याचं औषध तिला तोंडपाठ. एका सकाळी तिने साहेबांना कबरीपाशी गाठलं.

"दगड कधी बसवताय, लायनेल?"

"जमीन बसू दे आधी. उन्हाळ्यात बघू."

"आणि तुमच्या जागेची फॅकल्टी झाली ना?"

"कसली फॅकल्टी?"

"अहो, असं काय करता? शेजारची जागा राखून ठेवायची तर फॅकल्टी लागते. तुम्हीच नाही का मिसेस डॉबलला सांगितलं? बिचारी रडत घरी गेली होती."

साहेबांना आठवलं. सांगितलं होतं खरं. गावातल्या माणसाला गावच्या कबरस्तानात जागा मिळण्याचा हक्क असतो, पण कुठली जागा, ते तो ठरवत नाही. हे वाक्य त्यांनी अनेकांना ऐकवलं होतं. ते स्वतःलाही लागू आहे, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. नियम करणाऱ्याला नियम हा नेहमी दुसऱ्याच्याच घरचा पाहुणा वाटतो.

"आणि राखली नाही तर?" त्यांनी विचारलं.

"तर ओळीनं. जो आधी जाईल त्याची." विनीने भिंतीपलीकडच्या धुराड्याकडे बघितलं. ते धुराडं ऑब्री स्टकीचं होतं. तिने आवाज खाली आणला. "ऑब्रीचे पाय बघितलेत हल्ली? भोपळे झालेत, भोपळे. डॉक्टर म्हणतो, हृदय दमलंय. मला विचाराल तर वसंतात डॅफोडिल फुलायच्या आत आटपेल."

टॅपस्कॉटसाहेबांनी गवताच्या पट्ट्याकडे बघितलं. ऑब्रीच्या मरणाला त्यांची हरकत नव्हती. म्युरिएल आणि आपण यांच्यामध्ये ऑब्री स्टकी जगबुडीपर्यंत आडवा पसरलाय, हे चित्र त्यांना बघवेना. स्टकी हा गुरांच्या बाजारातला लिलाववाला. आवाज असा की कुजबुजला तरी दोन शेतांपलीकडची गाय मान वर करेल. त्याच्या कोंबड्या साहेबांच्या वाफ्यात, त्याचं सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं पिंप साहेबांच्या कुंपणाला टेकलेलं, आणि बैलाच्या प्रकरणापासून दोघांचं बोलणं फक्त कोंबड्यांपुरतं.

साहेब त्याच दिवशी व्हिकरबाईंकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे गेले. या फिलिपा लँगबाईंकडे सात गावांची सात चर्चं होती, त्यामुळे त्या घरी कधीच नसत. त्या मोटारीत भेटत. एका मांडीवर सँडविच, दुसऱ्या मांडीवर उद्याचं प्रवचन.

"लायनेल, मला समजतंय हो," त्या म्हणाल्या. "पण मी तोंडी जागा धरून ठेवली तर उद्या सगळं गाव रांगेत उभं राहील. अर्ज करा ना. मंडळाचा ठराव, मग चार आठवडे दारावर नोटीस, मग न्यायाधीशांची सही. उन्हाळ्याच्या आत होऊन जाईल."

"उन्हाळ्याच्या आत कुणी गेलं तर?"

"देव करो आणि कुणी न जावो," व्हिकरबाई म्हणाल्या आणि सँडविचचा घास घेतला. मग जरा थांबून म्हणाल्या, "दुसरी वाट आहे. दहन करून घेतलंत तर रक्षा म्युरिएलच्या कबरीतच ठेवता येईल. त्याला फॅकल्टीसुद्धा लागत नाही."

"तिने अख्खा ये म्हणून सांगितलंय," साहेब म्हणाले.

मंडळाची सभा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरली. विषयपत्रिका साहेबांनीच लिहिलेली, आणि त्यांचा विषय शेवटून दुसरा. तो निघाला तेव्हा खजिनदाराने घसा खाकरून आठवण करून दिली, की ज्या सदस्याचा हितसंबंध आहे त्याने बाहेर जावं. हा नियमही साहेबांनीच आणलेला. ते बाहेर देवडीत जाऊन उभे राहिले. वारा सुटला होता. आत ऑर्गनमध्ये उंदीर शिरल्याचा विषय पुन्हा उकरून निघाल्याचं त्यांना दाराच्या फटीतून ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. ठराव झालाच नव्हता. साहेब बाहेर गेल्यामुळे आत गणसंख्या उरली नव्हती.

"मग मला बोलवायचं!" साहेब म्हणाले.

"बोलवलं असतं, पण तुमचा हितसंबंध होता," खजिनदार म्हणाला. तो खवचटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलत होता.

विषय जानेवारीवर गेला. जानेवारीत ठराव झाला, अर्ज गेला आणि आठवड्यात परत आला. धर्मप्रांताच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. जागेचा नकाशा सुबक आहे, पण तुम्ही मापं फूट आणि इंचांत दिलीत, आम्हाला मीटर लागतात. साहेब खुर्चीवर बसले ते बसलेच. उभ्या नोकरीत त्यांनी किलो आणि मीटरपायी किती दुकानदारांना दंड ठोकले असतील, देव जाणे. म्युरिएल मात्र शेवटपर्यंत पडदे फुटांत शिवायची आणि साखर पौंडांत मागायची. तिच्या शेजारची जागा मोजताना साहेबांच्या हातून तिचीच मापं उतरली होती. हे त्या मुलीला सांगता येण्यासारखं नव्हतं. "दुरुस्त करून पाठवतो," एवढंच ते म्हणाले.

पण हे जानेवारीचं झालं. ऑब्रीचं प्रकरण त्याच्या आधी, नोव्हेंबरातच सुरू झालं होतं. एका सकाळी साहेबांनी पडदा सरकवला तर शेजारच्या फाटकात रुग्णवाहिका. साहेब सपाता घातलेल्या पायांनीच रस्त्यावर धावले. "जिवंत आहे ना? सांगा ना, जिवंत आहे ना?" त्यांचा चेहरा बघून रुग्णवाहिकेतल्या बाईला गहिवरून आलं. "तुम्ही भाऊ का त्यांचे?" तिने विचारलं.

ऑब्री चार दिवसांनी परत आला. त्या दुपारी साहेब झाकलेलं पातेलं घेऊन त्याच्या दारात उभे राहिले.

"हे काय?" ऑब्रीने विचारलं.

"सूप. बटाटा आणि लीक."

"विष कुठलं घातलंयस?"

"मिस्टर स्टकी, मी शेजारी म्हणून आलोय."

"इतकी वर्षं झाली, शेजारी म्हणून एक कांदा दिला नाहीस, टॅपस्कॉट. आणि आज पातेलं?" त्याने झाकण उचलून वास घेतला. "बरं. ठेव तिकडे. आणि जाताना कोंबड्यांना दाणे टाक."

इथून सगळं वाढत गेलं. साहेबांनी हिशोब मांडला होता, की फॅकल्टी हातात येईपर्यंत हा माणूस जगला म्हणजे झालं. पुढचं त्याचं तो बघून घेईल. पण माणूस जगवणं हे काही भांडं दारात ठेवण्याइतकं सोपं नसतं. सूप दिलं तर कळलं, की ऑब्री त्यात डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे बुडवून खातो. साहेबांनी ते तुकडे जप्त केले. तुकडे गेले तर तो सायडरवर आला. सायडरचं पिंप साहेबांनी आपल्या परसात आणून ठेवलं. मग ऑब्री म्हणाला, की मला चालायला सांगितलंय. साहेबांनी त्याला हाताला धरून फाटकापर्यंत नेलं, आणलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. दंव गोठायला लागलं तेव्हा बर्फ वितळावा म्हणून त्याच्या दारापुढच्या फरशीवर पहाटे उठून मीठ टाकलं. स्वतःच्या दारापुढे टाकायचं राहिलं आणि साहेब तिथे घसरून पडले. कुणी बघितलं नाही एवढंच नशीब. पण विनीने बघितलं होतं.

"मीठ पुरवून वापरा हो," ती कुंपणावरून म्हणाली. "त्याला काही व्हायच्या आत तुम्हीच जाल, आणि ती जागा तुम्हालाच मिळेल. तसं बघायला गेलं तर सोपंच आहे."

विनीला सगळं ठाऊक होतं. बाकीच्या गावाला काही ठाऊक नव्हतं, म्हणून बाकीच्या गावाने साहेबांना संत करून टाकलं. बायको जाऊन महिना झाला नाही तर हा माणूस वैऱ्याला भरवतोय! नाताळच्या आधीच्या रविवारी व्हिकरबाईंनी प्रवचनात शेजारधर्माचा विषय घेतला आणि नाव न घेता साहेबांकडे इतकं बघितलं की सगळ्या माना वळल्या. साहेबांचे कान तापले. पुढच्या बाकावर विनीला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ रुमालात तोंड खुपसून बसली.

जानेवारीत डॉक्टरने ऑब्रीला जिना चढायचा नाही म्हणून बजावलं. पलंग खाली आणणं आलं. विनीने सल्ला दिला, की आधी पाय काढा. खजिनदाराने सल्ला दिला, की पाय काढू नका, तिरपा धरा. दोघांनाही सल्ल्यापलीकडे वेळ नव्हता. साहेबांनी पलंग तिरपा धरला आणि जिन्याच्या वळणावर तो असा अडकला की पलंग भिंतीला आणि साहेब पलंगाला चिकटले. खाली खुर्चीत बसून ऑब्रीने आपला बाजारातला आवाज काढला. "बोला मंडळी, बोला! एक पलंग, एक पेन्शनर, दोन्ही वापरलेले, दोन्ही अडकलेले! वेगळे विकणे नाहीत! कोण देतंय पहिली बोली?" पलंग शेवटी खाली आला. साहेबांची कंबर आली नाही. पुढचे आठ दिवस ते सूप घेऊन जायचे ते काटकोनातच.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र साहेबांनी कुणाला सांगितली नाही, विनीलाही नाही. संध्याकाळी ऑब्री खुर्चीत पेंगायला लागला की ते त्याच्या छातीकडे बघत उभे राहायचे. खाली गेली, वर आली. वर आली, म्हणजे आजचा दिवस निभावला. सप्टेंबरात ते म्युरिएलच्या पलंगापाशी असेच उभे राहिलेले होते. तेव्हा त्यांना देवाकडे मागायला लाज वाटली नव्हती. आता वाटायची. एखाद्या माणसाच्या श्वासाची इतकी काळजी करायची आणि तो माणूस आपल्याला नको असायचा, हे काही बरं नाही, असं त्यांना वाटे. मग ते पातेलं उचलून घरी जात.

फेब्रुवारीच्या मध्यावर चर्चच्या दारावर नोटीस लागली. लायनेल टॅपस्कॉट यांनी पत्नीच्या शेजारची जागा राखून मिळावी म्हणून अर्ज केला आहे, कुणाची हरकत असल्यास चार आठवड्यांच्या आत कळवावी. विनी रोज कुत्र्यांना घेऊन तिथून जायची आणि टाचण्या घट्ट करायची. "वाऱ्याने उडाली तर म्हणतील, नोटीस लागलीच नाही," चौथ्या आठवड्यात ती म्हणाली. "मी आहे ना. कुणी हरकत घेऊन तर बघू दे. तुम्ही फक्त ऑब्रीला तेवढा उभा ठेवा."

"कालपासून खोकतोय," साहेब म्हणाले.

"कांदा कापून उशाशी ठेवा. माझी आजी ठेवायची."

ते त्या दोघांचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी विनी तळ्यावरून पोहून आली, कुत्र्यांचे पाय पुसले, चहाचं आधण ठेवलं आणि टेबलाला धरून खाली बसली ती उठलीच नाही. किटली शिटी मारत राहिली, कुत्री भुंकत राहिली, म्हणून पोस्टमनने खिडकीतून डोकावलं. ती साहेबांहून वयाने लहान होती. तिला कसलंही दुखणं नव्हतं. अख्ख्या गावात तिच्याबद्दल कुणी कधी "किती दिवस काढेल" असं म्हटलेलं नव्हतं.

बातमी ऐकून टॅपस्कॉटसाहेबांना आधी विनीसाठी वाईट वाटलं. चांगली पाच मिनिटं फक्त तिच्यासाठीच वाटलं. मग त्यांना गवताचा तो पट्टा आठवला, आणि आपल्याला तो आठवला याचंही वाईट वाटलं.

व्हिकरबाई या खेपेस मोटारीतून उतरून घरात आल्या, तेव्हाच साहेब काय ते समजले.

"तिच्या मुलाला पुरायचंच आहे," त्या म्हणाल्या. "तो ब्रिस्टलहून आलाय, रडून रडून त्याचे डोळे सुजलेत. ओळीने पुढची जागा म्हणजे... लायनेल, मला काय वाटतंय ते मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"एक जागा सोडून पुढे नाही देता येणार?"

"माझ्या हातात आहे. देईनही. पण मुलाने विचारलं की का, तर काय सांगू? फॅकल्टी नाही. मिसेस डॉबलच्या वेळी मी जागा सोडायला निघाले होते, तेव्हा मंडळाने ठराव केला, की फॅकल्टीशिवाय कुणासाठीही सोडू नये. कुणासाठीही. तो शब्द तुम्ही घालायला लावला होता."

साहेबांनी मान हलवली. त्यांनी घालायला लावला होता.

"तुम्ही म्हणाल तसं करते," व्हिकरबाई म्हणाल्या. "आत्ता सांगा."

खाली वाकून साहेबांनी सपातीचा निघालेला दोरा ओढला. "ओळीने द्या," ते म्हणाले.

विनीसाठी खड्डा खोदताना पहार खडकावर वाजल्याचा आवाज त्यांनी घरात बसून ऐकला. अंत्यविधीला ते गेले, सचिव म्हणून दारात उभे राहिले, सगळ्यांना स्तोत्रांची पुस्तकं वाटली. आता म्युरिएलच्या उजवीकडे ताज्या मातीचा ढीग होता आणि त्यावर एवढी फुलं, की काही म्युरिएलच्या बाजूला घसरून पडली होती. साहेबांनी ती उचलून परत ठेवली. पुढच्या सोमवारी टपालाने एक जाड पाकीट आलं. कळवाकळवीत कुठेतरी घोटाळा झाला होता आणि जागा भरल्याचं कचेरीला कळलंच नव्हतं. आत लाल मोहोर उठवलेली फॅकल्टी होती. विनी पोकॉक जिथे निजली होती ती जागा न्यायाधीशमहाराजांनी लायनेल टॅपस्कॉट यांना आनंदाने मंजूर केली होती, मापं मीटरमध्ये. एवढ्या वर्षांत साहेबांनी पहिल्यांदाच एक फॅकल्टी हातात घेऊन बघितली. कागद उत्तम प्रतीचा होता.

त्यानंतर ते ऑब्रीकडे गेले नाहीत. जायचं कारणच उरलं नव्हतं. त्याने मरावं की जगावं, हा आता त्याचा त्याचा प्रश्न होता. ते खुर्चीत बसून राहायचे. सूप करायचे, अर्धं प्यायचे, अर्धं ओतून द्यायचे. असे काही दिवस गेले. मग एका सकाळी ऑब्रीच्या सगळ्या कोंबड्या भिंत ओलांडून त्यांच्या वाफ्यात आल्या आणि भुकेने ओरडायला लागल्या. साहेबांच्या अंगात एकदम सगळा राग गोळा झाला. न्यायाधीशाचा राग, मंडळाचा राग, पलंगाचा राग. ते तडक शेजारी गेले आणि दार ढकललं.

घर गार पडलं होतं. शेगडीत राख. ऑब्री खाली आणलेल्या पलंगावर कोट घालून पडला होता आणि उशाशी पाण्याचा रिकामा पेला होता. मोठ्या आवाजाचा माणूस, पण आता त्याला ऐकायला वाकावं लागत होतं.

"कोण? टॅपस्कॉट? मला वाटलं, तू गेलास की काय."

"तुमच्या कोंबड्या..." साहेब म्हणाले आणि थांबले. "जेवलात कधी?"

"शनिवारी. रविवारी असेल. बिस्किटं होती."

साहेब परत गेले. घरी पातेलं चुलीवर होतंच. ते घेऊन आले, शेगडी पेटवली, ऑब्रीच्या पाठीशी उशा लावल्या. हे सगळं करताना त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेना. सगळं बाहेर पडलं. जागा, अर्ज, नोटीस, तुम्ही उन्हाळ्यापर्यंत जगायला हवे होतात, त्यासाठी मी पहाटे मीठ टाकलं, त्यासाठी कंबर मोडून घेतली, आणि गेली कोण, तर विनी! त्यांना वाटलं, हा आता पातेलं अंगावर फेकेल.

ऑब्रीने दोन चमचे सूप घेतलं. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "विनीने मला नोव्हेंबरातच सांगितलं होतं. तिच्या पोटात काय राहायचं?"

"ठाऊक होतं?"

"मी कुठे पुरून घेणार आहे, गाढवा? माझं दहन ठरलंय. पैसेसुद्धा भरून ठेवलेत. तू माझ्या भावाच्या दगडावर बैल कोरू दिला नाहीस, त्याच आठवड्यात जाऊन भरून आलो. म्हटलं, या टॅपस्कॉटच्या हाताखाली मेल्यावरसुद्धा जायचं नाही."

टॅपस्कॉटसाहेब उभेच राहिले. पहाटेचं मीठ, चार महिन्यांचे बटाटे, व्हिकरबाईंचं प्रवचन, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. रागवावं असं त्यांना फार वाटत होतं, पण तो राग कुठे सापडेना.

"मग सांगितलं का नाही मला?" ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगायचंस!"

इतक्या वर्षांत ते त्याला पहिल्यांदाच अरेतुरे करत होते. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"सांगितलं असतं तर आला असतास?" ऑब्रीने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. शेगडी आता पेटली होती, सूप गरम होतं, आणि आजारी माणसाला एक बरा शब्द दिल्याने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण साहेबांनी जन्मभर दुसऱ्यांचे तराजू तपासले होते.

"नाही," ते म्हणाले.

"नाहीच येणार. म्हणून गप्प बसलो." ऑब्रीने वाडगा पुढे केला, साहेबांनी तो भरला. "आता विनी झोपलीय तुमच्या दोघांच्या मध्ये. मीही काही तुझ्या उपयोगाचा नाही. मग आज कशाला आणलंस?"

साहेब खिडकीकडे बघत राहिले. बाहेर कोंबड्या अजून ओरडत होत्या. तिकडे तोंड करूनच ते बोलले, आणि म्युरिएल गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना डोळे पुसावे लागले.

"तिने शिकवलेलं हे एवढं एकच सूप मला येतं, ऑब्री. आणि त्याचं माप दोघांचं आहे. एकट्याचं कसं करायचं, ते तिने सांगितलं नाही."

ऑब्रीने चमच्याने फडताळाकडे खूण केली. तिथे दुसरा वाडगा होता. इतके महिने साहेब त्या घरात रोज येत होते, पण तिथे त्यांनी एकदाही घास घेतला नव्हता. त्यांनी वाडगा काढून पुसला, उरलेलं सूप त्यात ओतलं, खुर्ची पलंगापाशी ओढली आणि ऑब्रीच्या शेजारी बसून जेवले.